सहा चौकटी

ऑब्री फेनविक, तुम्ही दारातून बाहेर गेलात
एकूण एकसष्ट वेळा.
मी मोजलंय. मोजणं हेच माझं काम होतं:
सुती हातमोजे, कात्री, दिव्यासमोर धरलेली फीत
आणि एक बिनखिडकीची खोली, जिच्याबाहेर
कॅलिफोर्नियाचं ऊन म्हणे रोज पडायचं.

तुम्ही काउंट होतात, राजदूत होतात,
दोनदा बिशप, एकदा हिरेचोर,
आणि हसतमुखाने घटस्फोट देणारा नवरा
किती वेळा, ते विचारू नका.
चारदा विष प्यायलात,
आणि प्याला खाली ठेवलात इतक्या हळू
की टेबलावरच्या कापडालाही कळलं नसेल.
नामावलीत चौथे, कधी पाचवे.
एकदा नायकाच्या कुत्र्याखाली.

वाक्य ठरलेलं: "माझी गाडी आली असावी."
मग टोपी, मग छडी, मग दार.
दार लागलं की चुंबन.
लोक चुंबनासाठी तिकीट काढायचे,
तुम्ही दाराची कडी होतात.
मिस्टर ग्रूबर माझ्या मागे उभे राहून
विझलेला सिगार चघळत म्हणायचे,
"याला लवकर घालव."
मी घालवायचे.
एकेका चौकटीने तुमची पाठ लहान करत न्यायचे.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात तुम्ही माझ्या खोलीत आलात,
कागदात गुंडाळलेली दोन नासपती घेऊन.
"मिस ऑस्टरमन, मला माझे हात बघायचेत."
पडद्यावर तुमचे हात कधी दिसलेच नव्हते.
राखाडी हातमोजे, प्रत्येक चित्रपटात.
काय रुबाब, म्हणायचे लोक.
तुम्ही मोजा काढलात.
बोटांवर निळ्या रेघा, कातडीच्या आत,
जणू कुणी शाईने हिशेब मांडून अर्धा सोडलाय.

हेझलटन, पेनसिल्वेनिया.
हुडाकांचा अँटन.
नवव्या वर्षी कोळशातून दगड वेचणारा.
"आणि ही चाल?" मी विचारलं,
"ही लोण्यावरून सुरी फिरावी तशी चाल?"
"शवपेट्या उचलायचो, बाई.
धक्का लागता कामा नये."
नासपती गोड होती. रस मनगटापर्यंत आला,
मी हातमोजे काढायला विसरले होते.

एकसष्टावं दार.
पटकथेत नव्हतं ते.
वाक्य म्हणालात, टोपी घेतलीत,
मग थांबलात, उजवा मोजा काढलात
आणि उघडा हात दाराच्या चौकटीवर ठेवलात,
गावी जाणारा माणूस
घराला हात लावून निघतो तसा.
चार सेकंद. शहाण्णव चौकटी.
नायिका मागे तोंड वर करून ताटकळलेली.
ग्रूबर म्हणाले, "हे काय? काप."

मी कापलं.
बावीस वर्षांची नोकरी होती, आणि आई अंथरुणावर.
पण सहा चौकटी ठेवल्या.
पाव सेकंद. पापणी लवते न लवते तेवढं.
ग्रूबरना दिसलं नाही.
तुम्हाला दिसलं का, हे मला कधीच कळलं नाही.
खेळ संपल्यावर तुम्ही लांबून टोपी उचललीत,
पण टोपी तर तुम्ही झाडूवाल्यालाही उचलायचात.

तुम्ही गेलात तेव्हा वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या,
आणि फोटो दुसऱ्याच कुणाचा.
परवा रात्री दीड वाजता तो चित्रपट टीव्हीवर लागला होता.
तुम्ही टोपी घेतलीत, मी चष्मा पुसला,
आणि नेमकी तिथेच गाद्यांची जाहिरात.
कोण तो पोरगा असेल, देव जाणे.
मीही कुणाचं काय काय कापलं असेल.

उरलेल्या नव्वद चौकटी बटणांच्या डब्यात आहेत.
फितीला आता व्हिनेगरचा वास येतो,
कडा वळायला लागल्यात.
स्वयंपाकघरातल्या बल्बसमोर धरून
एकेक चौकट सरकवते.
माझे हात हल्ली थरथरतात,
त्यामुळे तुमचाही थोडा हलतो,
ऑब्री, अँटन,
लाकडावरून निघायचं की नाही
हे अजून ठरत नसल्यासारखा.